झिरो माईलचा पाचवा घोडा: रातोरात व्हायरल होण्यावरच्या विज्ञान कादंबरीचे सांधे तपासून हवेत

निंबोणी
मराठी विज्ञान कादंबरी, घडते नागपुरात. नाव ठरलेलं नाही. आराखडा देते, कुठे गळतंय ते सांगा.

श्रावण संपत आलाय. रात्री ३ वाजून २० मिनिटांनी रेवा शेवटचं पार्सल पोहोचवून स्कूटरवरून परत येतेय, मागे चुलतभाऊ. झिरो माईलच्या खांबापाशी दगडी घोडे चार असतात. आज पाच आहेत. ती भावाला म्हणते, काढ व्हिडिओ. भावाचा फोन, भावाचं बोट, आवाज तिचा: "घोडे चारच होते ना बे?" २३ सेकंद. ३:३१ ला ती तो स्वतःच्या खात्यावर टाकते, फॉलोअर १४०. दुसऱ्या रात्रीपर्यंत तिला देश ओळखतो. पाचवा घोडा जागचा हलत नाही, त्याच्या अंगातून मंद उजेड येतो आणि तो लुकलुकतो. शेवट मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी.

घोडा जमलाय असं वाटतं. प्रसिद्धी जमत नाहीये. "आणि बघता बघता व्हिडिओ व्हायरल झाला" या वाक्यावर प्रकरण उभं आहे आणि ते वाक्य पोकळ आहे.

आकडेमोड
ते वाक्य काढा आणि त्या जागी एक संख्या ठेवा. तिला आर म्हणू. एक बघणारा सरासरी किती नव्या बघणाऱ्यांपर्यंत क्लिप नेतो, तो आर. फॉरवर्ड करणारा सरासरी ३० जणांपर्यंत पोहोचतो आणि बघणाऱ्यांपैकी ५ टक्के लोक फॉरवर्ड करतात असं धरलं, तर आर = १.५.

आता घड्याळ लावा. सकाळी ६:४० ला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये १०० जणांनी पाहिलं. एक पिढी ४० मिनिटांची. २६ पिढ्यांत एकूण बघणारे एक कोटीच्या पुढे जातात. २६ × ४० मिनिटं म्हणजे १७ तास २० मिनिटं, म्हणजे बरोबर मध्यरात्र. आर १.२ केला तर त्याच आकड्याला ५४ पिढ्या, ३६ तास लागतात. आणि आर ०.९ असेल तर सगळं मिळून हजार लोक बघतात आणि क्लिप मरते. १.५ आणि ०.९ यांच्यातला फरक वाचकाला दिसत नाही, पण कादंबरी त्याच्यावरच उभी आहे.

एक अडचण आहे. शहर भरतं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती. एक तृतीयांश लोकांनी पाहिलं की दीडचा आर १ वर येतो, कारण तुमच्या तीन फॉरवर्डपैकी एक आधीच पाहिलेल्याकडे जातो. वरच्या हिशेबात ही वेळ साधारण रात्री ८ ला येते. म्हणजे त्याआधी कोणीतरी मोठ्या खात्याने क्लिप शहराबाहेर फेकली पाहिजे. तसंही, खूप पसरलेल्या गोष्टी बहुतेक वेळा एकाकडून दुसऱ्याकडे अशा लांब साखळीने पसरत नाहीत. एक-दोन मोठी केंद्रं एका झटक्यात लाखो लोकांपुढे ठेवतात. तुमच्या गोष्टीत ते केंद्र कोण?

फ्रेमदरसेकंद
हिशेब सुरेख, पण २६ पिढ्या व्हॉट्सॲपवर होणार नाहीत. पाच किंवा जास्त हातांतून गेलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते आणि मग तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. २०२० पासून असंच आहे. म्हणजे सहाव्या पिढीपासून आर धाडकन खाली. लोक यावर काय करतात? क्लिप गॅलरीत सेव्ह करून नव्याने पाठवतात. मोजणी शून्यापासून सुरू. कादंबरीत हे दाखवा: सकाळी नऊच्या सुमारास क्लिप मंदावते, मग एक काका "फॉरवर्ड होत नाही, सेव्ह करून टाका" असं ग्रुपवर लिहितात आणि ती पुन्हा धावते. या एका ओळीत जेवढं नागपूर आहे तेवढं तीन पानांच्या वर्णनात येणार नाही.

आता प्रसिद्धीचा खरा पेच. व्हॉट्सॲपवरच्या क्लिपवर रेवाचं नाव नाही. सकाळी शहराने घोडा पाहिलाय, आवाज ऐकलाय, मुलगी कोणालाच माहीत नाही. दुपारी एखादं मीम पेज तीच क्लिप स्वतःच्या वॉटरमार्कसह टाकतं. त्यांच्या कॉपीला लाखो व्ह्यूज, तिच्या मूळ रीलला नऊशे. आणि रीलमध्ये 'ओरिजिनल ऑडिओ' ज्याने अपलोड केलं त्याच्या खात्याच्या नावे बसतो. म्हणजे "घोडे चारच होते ना बे" वर जे हजारो लोक ओठ हलवतील, त्यातल्या प्रत्येकाच्या खाली मीम पेजचं नाव असेल. तिचा आवाज, दुसऱ्याचा पत्ता. आकडेमोड यांनी विचारलेलं केंद्र हेच.

जुन्या खर्ड्यात "व्ह्यूज ३०१ वर अडकले" वगैरे असेल तर काढा. तो गोठणारा आकडा यूट्यूबने २०१५ मध्ये बंद केला. मोजणीची गंमत हवी असेल तर दुसरी आहे: २०१४ च्या डिसेंबरात एका कोरियन गाण्याने २,१४७,४८३,६४७ ची हद्द ओलांडली. उणे-अधिक चिन्ह धरणाऱ्या ३२ बिटांच्या मोजणीत त्याहून मोठा आकडा मावत नाही, म्हणून मोजयंत्र ६४ बिटांचं करावं लागलं.

तर्रीबाज
प्रसिद्धीचं होऊ द्या, आधी घोडा आणा राजेहो. विधानभवन शेजारी आहे, चौकात कॅमेरे आहेत. दगडी घोडा आणायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन लागते. हायड्रा आली, उभी राहिली, बूम काढला, परत गेली, आणि कोणाच्या फुटेजमध्ये काहीच नाही? वाचक पहिल्या प्रकरणात पुस्तक मिटवते. एकतर फुटेज दाखवा, नाहीतर फुटेज असून त्यात काय नाही ते दाखवा. "कॅमेरा त्या दिवशी बंद होता" चालणार नाही, ते आता विनोद म्हणूनही जुनं झालं.

लेव्हलपट्टी
वजनाचा हिशेब देतो. घोड्याचं आकारमान अर्धा घनमीटर धरा. वालुकाश्म घनमीटरला साधारण २.३ टन. म्हणजे १.१५ टन. १२-१४ टनी हायड्रा हे खेळण्यासारखं उचलते. तुमच्या घोड्याला ती उचलू शकत नसेल तर दोनच कारणं: तो जमिनीत अडकलाय, किंवा वजन खरंच फार आहे. दुसरं कारण घेतलं तर पायाखाली बघा. एका खुराचा तळ १०० चौरस सेंटिमीटर, चार खूर मिळून ०.०४ चौरस मीटर. साध्या दगडाच्या वजनालाच दाब चौरस मीटरला जवळजवळ २९ टन होतो, काळ्या मातीत तो सरळ रुतेल. वजन २० टन केलंत तर दाब ५०० टन. फरशीला तडे हवेत. तडा नसेल तर तोच पुरावा ठरतो, आणि तो पकडणारं पात्र सर्वेअर असलं पाहिजे, पत्रकार नाही.

दुसरं. "झिरो माईल म्हणजे भारताचा मध्यबिंदू" हे वाक्य कथनात निवेदकाच्या तोंडी घालू नका, एखाद्या पात्राच्या तोंडी घाला. तिथल्या दगडावर जीटीएस (ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे) स्टँडर्ड बेंचमार्क, १९०७ असं आहे. बेंचमार्क म्हणजे उंचीची खूण. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३१०.९४८ मीटर. ही समुद्रसपाटी नऊ बंदरांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवलेली. हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरं पायथ्यावर कोरलीत म्हणून लोकांना ते मध्य वाटतं. पण त्या दगडाचं खरं काम वेगळं: इथून पुढे ज्याला कशाची उंची मोजायची आहे, त्याने इथे स्टाफ, म्हणजे आकडे छापलेली मोजकाठी उभी करावी.

यातून तुमच्या घोड्याला काम मिळतं. सर्वेअर ऑटो लेव्हल, म्हणजे आडवी समपातळी बघायची दुर्बीण लावतो. बेंचमार्कवर स्टाफ, पहिलं वाचन म्हणजे बॅकसाइट घेतो. घोड्याच्या खुराच्या तळाशी स्टाफ, नंतरचं वाचन म्हणजे फोरसाइट घेतो. दोन्ही वाचनं सारखी. मिलिमीटरचाही फरक नाही. आजूबाजूची जमीन उतरती असताना. कोणीतरी लेव्हल काढून ठेवलाय तो. म्हणजे पाचवा घोडासुद्धा बेंचमार्कच आहे. कशाच्या मोजणीचा, ते तुम्ही ठरवा.

आकडेमोड
कशाच्या म्हणजे? आरच्या. ज्यांनी ठेवलाय त्यांना उंची नकोय. माणसांच्या गर्दीत एक गोष्ट सोडली तर ती किती वेगाने कुठवर चढते, ते मोजायचंय. त्यासाठी शून्य ठरवावं लागतं, १४० फॉलोअरची मुलगी हे उत्तम शून्य. आधीच प्रसिद्ध माणूस पहिल्यांदा दिसला असता तर मोजणी बिघडली असती.

निंबोणी
लेव्हलपट्टी, आकडेमोड, दोघांनी मिळून कादंबरीचा कणा बदललात. खर्ड्यात घोडा "निरोप" घेऊन आलेला होता. तो निरोप आता मला नकोच. पण मग लुकलुकण्याचं काय करू? ते व्हिडिओत दिसतं, डोळ्यांना दिसत नाही, एवढंच लिहिलंय.

फ्रेमदरसेकंद
ते ठेवा, पण नीट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून रस्त्यावरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे हे लुकलुकणं आडव्या पट्ट्यांसारखं दिसतं. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेममध्ये ३.३३ आवर्तनं बसतात, म्हणून पट्ट्यांची जागा दर तीन फ्रेमनंतर पुन्हा तीच येते. घोड्याचा उजेड १०५ हर्ट्झचा करा. एका फ्रेममध्ये ३.५ आवर्तनं, पट्ट्या दर दोन फ्रेमनंतर जुळतात. एकाच चित्रात खांबावर तीनची लय, घोड्यावर दोनची. हे खोटं करणाऱ्याला सहसा सुचत नाही, म्हणून खरेपणाचा पुरावा म्हणून चालेल.

पण तीन ठिकाणी घसराल. पहिलं, फोन १०० हर्ट्झची पट्टी घालवण्यासाठी शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या पटीत ठेवतो. त्याने दिव्याच्या पट्ट्या जवळजवळ जातील आणि घोड्याच्या जेमतेम ५ टक्के उरतील. सुरुवातीचे चार-पाच सेकंद फोन अजून उजेड जुळवत असतो, दोन्ही लयी तिथेच शोधायला लावा. दुसरं, अंधारात फोन फ्रेम कमी-जास्त करतो. ३० धरून मोजणारं पात्र चुकेल. फाइलमधली प्रत्येक फ्रेमची वेळ वाचावी लागते. तिसरं, आणि गोष्टीसाठी सर्वांत महत्त्वाचं: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान केली जाते. त्यात हा ५ टक्क्यांचा फरक पुसला जातो. मीम पेजच्या कॉपीतही तो नाही. ज्या कॉप्या कोट्यवधींनी पाहिल्या त्यात काही नाही, जे आहे ते भावाच्या फोनमधल्या एकाच फाइलमध्ये. ती बाहेर न्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागेल.

आणि एक फुकटचा घोळ देतो. एमपी४ फाइलमध्ये काढल्याची वेळ जागतिक वेळेत नोंदली जाते. पहाटे ३:२० म्हणजे तिथे आदल्या तारखेचे २१:५०. "व्हिडिओ आदल्या रात्रीच बनवलाय, हा घ्या पुरावा" असा स्क्रीनशॉट कोणीतरी टाकणार. तो खोटं बोलत नसतो, साडेपाच तास विसरलेला असतो. रेवावर पहिली शिवी इथून सुरू होऊ द्या.

तर्रीबाज
हे बेस्ट आहे. स्क्रीनशॉटवाला माणूस पुढे चूक कबूल करेल पण त्या पोस्टला अकरा लाइक असतील.

कलमबावन्न
कायद्याच्या बाजूने, खर्ड्यात हमखास चुकतं ते सांगतो.

क्लिप कोणाची? फोटो असता तर काढणाऱ्याचा, म्हणजे भावाचा. चलच्चित्राला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'लेखक' म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. "काढ व्हिडिओ" कोण म्हणालं? रेवा. अपलोड कोणी केलं? रेवाने. पण फोन आणि बोट भावाचं. दोन्ही बाजूंनी भांडता येईल असा हा खराखुरा वाद आहे, आणि भावंडांत तो लागला तर गोष्टीला रक्त येईल. पहिल्या प्रकरणातलं "काढ व्हिडिओ" हे वाक्य क्लिपमध्ये ऐकू येतं की बटण दाबायच्या आधी बोललं जातं, ते आत्ताच ठरवा. सगळा निकाल त्यावर फिरेल. बातमीत क्लिप दाखवणाऱ्या वाहिन्या त्याच कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे बातमीसाठी रास्त वापराच्या सवलतीचा आधार घेतील. मीम पेजला तो इतक्या सहज मिळणार नाही.

"पोलीस आयुक्तांनी नेट बंद केलं" असं लिहिलं असेल तर खोडा. तो आदेश राज्याचा गृहसचिव काढतो, अगदीच नाइलाज असेल तर त्याने अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी, आणि मग २४ तासांत वरून मंजुरी लागते. आयुक्त जमावबंदी लावू शकतात, १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. १४४ लिहिलंत तर कादंबरी जुन्या काळात जाईल. आणि बंद बहुधा मोबाईल नेट होतं. घरोघरचं फायबर चालू राहिलं तर धरमपेठेत रील दिसतात आणि चौकातल्या गर्दीला काहीच कळत नाही. गर्दीच गर्दीच्या बातमीला मुकते, हे वापरा.

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा इथे लागत नाही. तो जमिनीत दडलेल्या वस्तूला. घोडा उघड्यावर उभा आहे. तरी एखाद्या कारकुनाने दहा रुपयांवरचं धन म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे कागद सरकवावा, मजा येईल.

खर्डेघाशी
पैशाचं थोडक्यात. पहिल्या आठवड्यात तिला काही मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. मग खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासायला पिन पोस्टाने घरी येतो, त्याला काही आठवडे. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. म्हणजे देशभर प्रसिद्ध मुलगी पोस्टमनची वाट बघते. मधल्या काळात येतात त्या वस्तू: फोन, सँडल, केसांचं तेल. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर वस्तू गेल्या तर त्यांना १० टक्के टीडीएस भरावा लागतो, म्हणून ते तिचा पॅन मागतात. पॅन मागणारा खरा कोणता आणि चोर कोणता, हे ओळखायची तिच्याकडे काही सोय नाही. "तुमच्यावर कॉपीराइट तक्रार आहे, इथे लॉगिन करा" हा मेसेज तिसऱ्या दिवशी येऊ द्या. खातं तिथे जातं.

गोकुळपेठी
भाषा. रेवा भावाशी बोलताना "बे" म्हणेल, आईशी नाही. पोलिसाला "साहेब", मोठ्या वयाच्या शेजाऱ्याला "काका", अनोळखी रिक्षावाल्याला "भाऊ". "काय करून राहिली", "येऊन राहिले" ही रूपं संवादात हवीत, निवेदनात नकोत. "मले-तुले" सरसकट सगळ्यांच्या तोंडी घातलंत तर विनोदी नाटक होईल. धरमपेठेतली मुलगी घरात प्रमाण बोलते आणि चिडली की "काहून" म्हणते, तेवढं पुरे. टीव्हीवर मुलाखत देताना तिचं "बे" गळून पडलं पाहिजे. लोक लगेच लिहितील, पहिल्यासारखी नाही राहिली.

शास्त्रज्ञाचं पात्र घेणार असाल, तर एक आठवण पुस्तकातच पेरता येईल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. नाव बाजूला ठेवून कथा तोलली जावी म्हणून. रेवाचं उलटं आहे: काम काहीच नाही, आवाज सगळीकडे, नाव कुठेच नाही.

आता मारबत. शेवट तिथे का, हे खर्ड्यातून कळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे. बडगे त्या त्या वर्षीच्या चालू विषयावर असतात: महागाई, भ्रष्टाचार, कोणी पुढारी. "घेऊन जा गे मारबत" म्हणत जे नको ते शहराबाहेर नेऊन जाळायचं. मग सरळ आहे. या वर्षीचा बडगा रेवाचाच निघणार. प्रसिद्धी उतरली हे ती व्ह्यूजच्या आलेखावरून नाही, इतवारीच्या गर्दीत उभी राहून स्वतःचा पुतळा येताना बघून ओळखते. आणि कोणी तिला ओळखत नाही, कारण पुतळ्याला तिचा चेहरा नाही, फक्त वाक्य चिकटवलंय.

लेव्हलपट्टी
याला जोडून. लेव्हलिंगचं काम बहुधा निघालं त्याच बेंचमार्कवर आणून संपवतात. परतल्यावर आकडा जुळत नाही, जो फरक उरतो तो क्लोजिंग एरर. चोख कामात किलोमीटरच्या वर्गमुळाला १२ ने गुणून येईल तेवढे मिलिमीटर चालतात, त्याहून जास्त आला तर सगळी फेरी पुन्हा. मारबतीनंतर रेवाला पहाटे ३:२० ला परत झिरो माईलला न्या. घोडे चार की पाच ते सांगा किंवा सांगू नका, पण १४० फॉलोअर होते त्या जागी आता किती आहेत तो आकडा मात्र द्या.

निंबोणी
तीन प्रकरणं नव्याने लिहिते: फॉरवर्ड अडकल्याचा सकाळी नऊचा प्रसंग, भावाच्या फोनमधली फाइल, आणि बडगा. "काढ व्हिडिओ" बटण दाबायच्या आधी. म्हणजे क्लिपमध्ये नाही, आणि ती ते कधीच सिद्ध करू शकणार नाही.

एक राहिलं. बडगा रेवाचा की घोड्याचा? माझ्या डोक्यात बांबूच्या चौकटीवर बारा फुटी घोडा आणि वर ती बसलेली.

तर्रीबाज
बारा फुटी घोडा, वर ती, खाली हातगाडी धरली तर सतरा-अठरा फूट होऊन राहिलं. त्या गल्ल्यांत वर तारा लोंबतात. घोडा सात फुटी करा, तिला कापडाची करून वर बांधा, आणि मानेला बिजागरी लावा. तार आली की दोघं बांबूने मान खाली दाबतात, तार गेली की सोडतात. गर्दीला वाटते घोडा होकार देऊन राहिला.

निंबोणी
बिजागरी घेतली.